अवघड जागेचं दुखणं



इथं सगळ्यांच्या आठवणी आवडीने वाचतो. कुणी बेळगावच्या कुंद्यावर लिहितं, कुणी जुन्या शाळेवर. मी आज गुदद्वाराच्या फिशरवर लिहिणार आहे. ज्यांचं जेवण चाललंय त्यांनी आधी हात धुवून यावं.

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपण सगळे हसत हसत वापरतो. माझ्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली. आमची थोरली बेळगावात असते, जावई एम.डी. फिजिशियन. मी आणि सौ. निपाणीत. मध्ये जेमतेम पाऊणशे किलोमीटर, तरी चार महिने मी त्यांना पत्ता लागू दिला नाही.

आधी मूळ आजाराचं सांगतो. 2008 साली, रिटायरमेंटला दोन वर्षं असताना, दिवसाला सहा-सात जुलाब, उजव्या बाजूला खाली पोटात कळ आणि वजनात अकरा किलोची घट असं सुरू झालं. पहिल्यांदा आतड्याचा टीबी समजून गोळ्या दिल्या. त्यात त्या डॉक्टरांना दोष नाही. दोन्ही आजार आतड्याच्या त्याच भागात बसतात, दिसतातही सारखे, आणि आपल्याकडे टीबीच जास्त. सहा महिने झाले तरी फरक नाही म्हटल्यावर पुन्हा कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासला आणि 'क्रोन्स' हे नाव कळलं. शरीराची स्वतःची फौजच आतड्यावर उलटते. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 साली याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. बरा होत नाही, आटोक्यात राहतो. (2020 साली औषधाच्या दुकानात मी 'क्रोन्स आहे' म्हणालो तर तो पोरगा दोन पावलं मागे सरकला. त्याला कोरोना ऐकू आलं.)

फिशर झालं 2018 च्या पावसाळ्यात. फिशर म्हणजे त्या जागेच्या कातडीला पडलेली चीर. शौचाला बसलं की काच कापत जावी तसं, आणि खरी आग नंतर, दीड-दोन तास. तिथला स्नायू आवळून बसतो, त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून चीर भरत नाही, आणि भरत नाही म्हणून स्नायू आणखी आवळतो. थकीत कर्जावर व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज, तसला प्रकार.

मी शौचाची भीती म्हणून जेवण कमी केलं. बेळगावला जायचं टाळू लागलो, कारण तवंदी घाटातले एसटीचे हिसके आठवूनच घाम फुटायचा. घरी उभ्याउभ्याच पेपर वाचायचो. सौ. म्हणाली, "अहो, बसा की जरा, कुणाची वाट बघताय?" 'मूळव्याध आहे थोडी' एवढंच तिला सांगितलं. आपल्याकडे त्या भागाच्या सगळ्या दुखण्यांना हे एकच नाव पुरतं. मग ज्याला त्याला सल्ला द्यायचा हक्कच मिळाला. पालेभाज्या खा, इसबगोल घ्या, सुरण खा. मला बद्धकोष्ठ नव्हतंच, जुलाबच होते. सारख्या जुलाबांनीही चीर पडते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि माझं आतडं एका ठिकाणी अरुंद झालेलं, तिथे चोथ्याचं खाणं अडकायची भीती. तरी पंधरा दिवस इमानदारीत मेथी-तांदळी खाल्ली.

शेवटी जवळच्याच एका गावात एका सर्जनकडे गुपचूप गेलो. "वीस मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी," असं ते म्हणाले. शुगर, बीपी विचारलं. क्रोन्स त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सदतीस वर्षं कर्जाच्या अर्जात 'इतर देणी' हा रकाना कोरा सोडणाऱ्यांना मी परत पाठवलंय, आणि इथे स्वतःच कोरा सोडला. का, तर क्रोन्स म्हटलं की फाईल बेळगावला, म्हणजे जावयांच्या हातात जाणार.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सौ.ने थोरलीला फोन केला. सकाळी साडेसातला जावयांची गाडी दारात.

"मामा, आज तुम्ही कुठंही जायचं नाही," एवढंच म्हणाले. मग चहा पिता पिता त्यांनी समजावलं. साध्या फिशरमध्ये तो आवळलेला स्नायू थोडा कापतात, गुण येतो. पण क्रोन्सच्या माणसाची तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी शौचावरचा ताबाही कायमचा जातो. साधी चीर बहुतेक मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर असते. माझी होती बाजूला. म्हणजे आतला आजार पेटलेला असण्याची शक्यता जास्त. आधी एमआरआय करून भगंदर किंवा पू नाही ना बघायचं, मग आतड्याची औषधं वाढवायची. कापाकापी जमेल तितकी टाळायची.

मी मान खाली घालून ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, "मामा, सिगारेट किती?"

सौ. स्वयंपाकघरात होती, मी तिकडे बघितलं. 2008 मध्ये मी सिगारेट सोडली होती, म्हणजे तसं घरात सांगितलं होतं.

ही सवय लागली निपाणीतच. 1979 ला इथं शाखेत आलो. तंबाखूचा तारण माल तपासायला वखारी फिरायचो, आधी शिंका, नंतर सवय, मग व्यापाऱ्याने पुढे केलेली सिगारेट. 1981 ला शरद जोशींचं तंबाखू आंदोलन झालं, हायवे अडवून शेतकरी बसले होते, तेव्हा मी दिवसाला एक पाकीट ओढत होतो. ज्या गावाने तंबाखूवर घरं बांधली, ज्या तंबाखूच्या व्याजावर माझा पगार निघाला, तिच्या धुराने क्रोन्स भडकतो हे जावई सांगत होते. "आठ," मी म्हणालो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. फिशर लपवलं म्हणून ती रागावली नाही. त्या आठसाठी मात्र तीन दिवस बोलली नाही.

एमआरआयमध्ये पू निघाला नाही. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं, डिल्टियाझेमचं मलम दिवसातून दोनदा बोटाने लावायचं. सोबत ॲझाथायोप्रिन आणि त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. चीर भरायला अडीच महिने लागले. जावयांनी धीर द्यायला सांगितलं की अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं 1956 मध्ये याच आजारासाठी आतड्याचं ऑपरेशन झालं, आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडूनही आले. मी म्हटलं, त्यांचा जावई डॉक्टर नसेल.

सिगारेट खरोखर सुटली. चीर मात्र गेल्या नोव्हेंबरात पुन्हा पडली. हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांगेत होतो, तिथूनच जावयांना फोन लावला. त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं: "फिशर! हो, रक्त आहे थोडं! बाजूलाच, मागच्या वेळी होतं तिथंच!" रांगेतली सगळी पेन्शनर मंडळी गप्प. फोन ठेवला तर मागून आमच्याच शाखेतला जुना हेड कॅशियर कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, डॉक्टरांचा नंबर जरा लिहून द्या की."