खैरियत

त्या दिवसांत आमच्या फ्रिजवर एक दोनशे पानी वही असायची. सरळ बाजूने बाजाराची यादी, उलट्या बाजूने फोनची. बाजाराच्या बाजूला तांदूळ, कांदे, साबण, सुकट, मिळाली तर अंडी. फोनच्या बाजूला मंडणगडकडे गावी अम्मी, मुंब्र्याला खाला, कुवेतला खालांचा मुलगा, पुण्याची बहीण. काम झालं की रेघ मारायची. परवा माळा साफ करताना ती वही हाती लागली आणि साफसफाई तिथेच राहिली.

आम्ही दोघेही शिक्षक, खेडला राहतो. एकाची शाळा उर्दू, एकाची मराठी. हे आमच्यापैकी कोण लिहितंय याने फारसा फरक पडत नाही; वहीतही दोघांचं अक्षर मिसळलेलंच आहे.

22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आम्ही एका दिवसाची सुट्टी समजून काढला. दुसऱ्या दिवशी दहावीचा भूगोलाचा पेपर होता. तो पुढे ढकलला, मग रद्दच झाला. 25 तारखेपासून सगळंच बंद. बाजारात घरातल्या एकानेच जायचं, तेही ठरलेल्या वेळात. किराणा दुकानासमोर खडूने आखलेल्या वर्तुळांत उभं राहताना पुढच्या-मागच्या वर्तुळांत आमचेच विद्यार्थी आणि त्यांचे पालक असत. मास्कमुळे ओळख पटायची नाही. "सर, सलाम" किंवा "मॅडम, सलाम" असा आवाज आला की तो वर्गातल्या कोणत्या बाकावरचा, याचा अंदाज घ्यायचा. घरी आल्यावर भाजी मिठाच्या पाण्यात, नाणी साबणाच्या पाण्यात. नोटांना इस्त्रीही फिरवून पाहिली. आज हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

फोनचं काम मात्र बाजारापेक्षा अवघड होतं. बाजारात जे नाही ते नाही म्हणून सांगतात. फोनवर सगळे एकच सांगत: खैरियत आहे. अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक आहे.

आम्हीही तेच सांगत होतो. आमच्यापैकी एकाला जिल्ह्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर ड्युटी लागली होती. मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांची नावं लिहायची, पास बघायचा, कुठल्या गावी चाललात ते विचारायचं. रात्रपाळी करून आलं की अंगणातच कपडे बदलायचे आणि पडवीत वेगळी चटई. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं. अम्मीला सांगितलं, "शाळेचं काम घरूनच चालू आहे." तिला साखरेचा त्रास, त्यात काळजी करण्याची सवय. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंच नाही.

खालांचा फोन जुहरनंतर यायचा. अडुसष्ट वर्षांच्या, मुंब्र्यात चौथ्या मजल्यावर एकट्या. मुलगा कुवेतला एका कंपनीत ड्रायव्हर. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय रांधलंत?" आम्ही सांगायचं, भाकरी आणि बोंबलाचं कालवण. "मी पण तेच," त्या म्हणायच्या. मग मुलाच्या गोष्टी. कुवेतच्या अजानमध्ये आता नमाज घरीच पढा असं पुकारतात, हे त्यांनीच आम्हाला प्रथम सांगितलं. मुलाने त्यांना फोनवरून ती अजान ऐकवली होती आणि सांगताना त्या रडल्या. साथीच्या ठिकाणी जाऊ नये आणि तिथून निघूही नये, ही हदीस शाळेत आम्ही मुलांना शिकवलेली. चौथ्या मजल्यावर एकट्या बसलेल्या बाईला ती काय सांगते, याचा विचार तोवर केला नव्हता.

खरं सांगायचं तर त्या फोनचा आम्हाला कंटाळा येऊ लागला होता. रोज तीच अर्धी तास बोलणी. मोबाईलवर मुलांना धडे पाठवायचे, ते पोहोचले का बघायचं. घरात तीन मुलं आणि फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशा पालकांना संध्याकाळी वेगळा फोन करायचा. मग खालांचा फोन वाजला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. कधी कधी उचलायचोच नाही. वहीत त्यांच्या नावापुढे रेघ मात्र मारलेली आहे.

रमजान 25 एप्रिलला सुरू झाला. तरावीह घरातच. आमच्या अकरावीतल्या मुलाने इमामत केली; त्याला सूरह फीलपासून नासपर्यंत दहा सूरह पाठ, त्याच दोनदा. बापाला मुलाच्या मागे उभं राहताना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर ते गेलं.

रमजानच्या मध्यावर खालांच्या शेजारची मुलगी स्वतःचा मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेली, म्हणून एकदा व्हिडिओ कॉल झाला. मोठ्यांचं "खैरियत" आटोपलं आणि फोन आमच्या धाकटीच्या हाती गेला. दोन्ही मुली दहा-अकरा वर्षांच्या. त्यांच्या गप्पांत ती पलीकडची सहज म्हणाली, "नानी गोळीचे दोन तुकडे करते. अर्धा कागदात बांधून ठेवते उद्यासाठी."

आम्ही खालांना विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनीच सांगितलंय. आम्ही त्या मुलीला रिकाम्या पाकिटाचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायला लावला. रक्तदाबाची गोळी रोज एक, असं चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेलं होतं. पाकिटावरून आणि त्यांच्या बोलण्यावरून हिशोब केला, तर तीन आठवड्यांपासून त्या अर्ध्या गोळीवर होत्या. वर रोजे. आणि "मी पण तेच" म्हणत होत्या, तेही खरं नव्हतं. बरेच दिवस सहेरीला चहा आणि पाव होता.

रात्री कुवेतला फोन लावला. तिथे 10 मेपासून पूर्ण संचारबंदी होती, 30 मेपर्यंत. मावसभाऊ खोलीतल्या सहा जणांबरोबर अडकलेला. आधी तोही खैरियतच म्हणाला. मग खोलीबाहेर जिन्यात येऊन हळूच सांगितलं, दोन महिने पगार नाही. "अम्मीला कळू देऊ नका. तिला सांगितलंय, पैसे पाठवायची दुकानं बंद आहेत." म्हणजे मुलगा आईपासून पगार लपवत होता आणि आई मुलापासून गोळ्या. मधे आम्ही, रोज दोघांशीही बोलणारे.

पुढचं काम तसं सोपं निघालं, हे जास्त लागलं. मुंब्र्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याचा नंबर शेजारच्या मुलीच्या वडिलांनी दिला. चिठ्ठीचा फोटो पाठवला, पैसे मोबाईलवरून भरले, तासाभरात गोळ्या त्यांच्या दारात. किराणावाल्याशीही तसंच ठरवलं. इतकंच करायचं होतं. डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते रागावले आणि रोजे थांबवायला सांगितले. खालांनी ते मान्य करायला आणखी दोन दिवस घेतले. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, कजा नंतर करता येते, हे आम्ही सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला मसला शिकवू नका." शेवटी मुलाने सांगितलं तेव्हा ऐकलं.

पैशांचं त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न उरला. मार्चचा आमचाही पगार दोन टप्प्यांत होणार होता, पण होणार तर होता. त्या वर्षीची जकात काढून ठेवलेली होती. आई-वडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही. खालाला, फुफीला, गरजू असेल तर देता येते, आणि नात्यातल्या माणसाला दिली तर सदकाही होतो आणि सिला-रहमीही. देताना ती जकात आहे असं सांगावं लागत नाही. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरी खालांच्या नावाने जकात लिहिताना हात अडला. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहिलो, खाल्लं, भांडलो. वहीत शेवटी "ईदी" असं लिहिलं. त्यांनाही तेच सांगितलं. ईद 25 मेला आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ईदी ईदच्या आधी कोण देतं?" पुढे काही विचारलं नाही. समजलं असावं.

तेव्हापासून वहीत फोनच्या बाजूला तिसरा रकाना दिसतो: गोळ्या किती उरल्या. खाला आजही फोनवर पाकीट हातात घेऊन मोजून सांगतात आणि मग विचारतात, आज काय रांधलंत. मावसभावाचा पगार पुढे सुरू झाला, सगळा काही मिळाला नाही.

अम्मीचं राहिलंच. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे वीज गेली, टॉवर गेले, फोन मुके झाले. अडीच महिने फोनवर रोज खैरियत ऐकून कंटाळलेले आम्ही आता ती ऐकायला तडफडू लागलो. चौथ्या दिवशी परवानगी काढून मोटारसायकलवर दोघे निघालो. वाटेत झाडं आडवी, विजेचे खांब आडवे. काही ठिकाणी गाडी उचलून पलीकडे न्यावी लागली. घराच्या मागची सुपारीची बाग एका बाजूला झोपलेली. निम्म्या छपरावर कौलं नव्हती. अम्मी आतल्या कोरड्या कोपऱ्यात तांदळाची डबकी ओढून त्यांच्याजवळ बसली होती. आम्ही दारातून, लांबूनच सलाम केला.

"व अलैकुम अस्सलाम. सगळी खैरियत आहे," ती म्हणाली. तिच्या डोक्यावर आभाळ दिसत होतं.

मग आमच्याकडे नीट बघून तिने विचारलं, "नाक्यावरची ड्युटी संपली काय?"

वाडीतला कुणी चाकरमानी मुंबईहून येताना नाक्यावर त्याचं नाव आमच्यापैकी एकाने लिहिलं होतं. त्याने शाळेतल्या विलगीकरणाचे चौदा दिवस काढले आणि बाहेर आल्यावर पहिली ही बातमी तिला दिली होती. महिनाभर ती ते जाणून होती. फोनवर मात्र रोज विचारायची, घरूनच चाललंय ना काम?

त्या दिवशीच्या पानावर दोन्ही बाजूंची यादी एकत्रच आहे: कौलं, ताडपत्री 2, मेणबत्त्या, अम्मीच्या साखरेच्या गोळ्या, खालाला फोन.