दुबई पाहायची ती अशी

येत्या डिसेंबरात आम्ही मुलांसह दुबईला जाण्याचा बेत आखला आहे. त्या दिवसांत तेथील हवा सुखद असते. पहिला दिवस आम्ही खाडीकाठच्या जुन्या अल फहिदी वस्तीसाठी राखून ठेवला आहे. विजेचे पंखे नव्हते तेव्हा तेथील ‘बर्जील’ नावाचे मनोरे वरचा वारा घरात उतरवीत. तेथून ‘अब्रा’ या लाकडी होडीने पलीकडच्या मसाला बाजारात जाऊ. तेल १९६६ साली सापडले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसे समुद्रात बुड्या मारून मोती काढीत.

मग ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा. तो बांधणाऱ्यांत आपल्या देशातले मजूरही होते. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर तेथे भर दुपारी उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. ती का करावी लागली, हे मुलांना त्या मनोऱ्याखालीच सांगणार आहोत.