अखंड की चालते?

१९७७ साली बाजारात आलेला ‘अटारी २६००’ हा खेळसंच टीव्हीला जोडल्यावाचून चालत नसे. आम्हां भावंडांना तो हातात घेऊन फिरता येईल असा हवा होता; पण त्यासाठी एक चालता संच कापावा लागणार आणि कापलेला पुन्हा सांधत नाही, हा पेच होता. पडदा शेजारीच आल्यावर चित्र टीव्हीच्या वाहिनीवर चढवणारा मॉड्युलेटर अनावश्यक ठरला. ९ व्होल्टचे ५ करताना उरलेली शक्ती उष्णतेत दवडणारा रेग्युलेटर बॅटरीला परवडेना, तो बदलला. प्रोसेसर, अवघी १२८ बाइटची स्मृती आणि कार्ट्रिजची खाच यांना मात्र हात लावला नाही. खेळ तेथेच वसतो. वस्तू अखंड राखणे आणि ती वापरात राखणे, या दोन निराळ्या निष्ठा आहेत. परप्रांती रुजलेल्या घरांना दुसरी अधिक ओळखीची. आम्ही तीच पत्करली आणि करवत चालवली.