काळ्या पट्ट्याची पडताळणी

भिंगारमधल्या मुलांना दर्जा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. छावणीच्या रस्त्यांवर लष्करी गणवेश रोज नजरेस पडतो. खांद्यावरचा तारा आणि दंडावरची फीत यांतला फरक आठ-दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो. आणि तो तारा कोणी शिंप्याकडे जाऊन आपल्या हौसेने लावून घेऊ शकत नाही, हेही ठाऊक असते. माझ्या दवाखान्याच्या पाटीवर नावाखाली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे. तो कोणालाही पडताळून पाहता येतो. नोंदणीवाचून वैद्यकी करणाऱ्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कराटे शिकवणाऱ्याच्या कमरेच्या काळ्या पट्ट्याला असे कोणतेही कुंपण नाही. खेळाच्या साहित्याच्या दुकानात तो कोणालाही विकत मिळतो. त्यावर सोनेरी रेघा किती काढायच्या, हे भरतकाम करणाऱ्याला सांगितले की झाले.

या विषयात मी लक्ष घालण्याचे कारण साधे आहे. त्या वर्गांतली मुले माझ्याकडे येतात. बहुतेकांचे मुरगळलेले घोटे, सुजलेली बोटे असतात आणि ती चार-आठ दिवसांत बरी होतात. परंतु गेल्या वर्षी एक अकरा वर्षांचा मुलगा आला, त्याचे प्रकरण निराळे होते. सरावाच्या लढतीत त्याच्या कानशिलावर लाथ बसली होती. क्षणभर त्याला काही सुचेना, मग उलटी झाली. प्रशिक्षकांनी त्याला ग्लुकोजचे पाणी पाजले आणि दहा मिनिटांनी पुन्हा लढतीस उभे केले. “सर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, त्यांनी स्पोर्ट्स मेडिसिनचा कोर्स केलाय,” आई मला म्हणाली. संध्याकाळी डोके दुखून मूल रडू लागले, तेव्हा ती माझ्याकडे आली. स्कॅन करवून घेतला, सुदैवाने त्यात काही निघाले नाही. तरी पुढचे तीन आठवडे त्याचे डोके दुखत राहिले आणि धड्यात लक्ष लागेना.

डोक्यास मार लागून मेंदूला हादरा बसला, अशी नुसती शंका आली तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, हा नियम आज जगभर मान्य आहे. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला तर क्वचित जिवावर बेतते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही दिसले तर रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे हादरा बसलाच नव्हता, असेही नव्हे. मूल आधी शाळेत नीट रुळावे, मग हलका व्यायाम, आणि लढत सर्वांत शेवटी, तीही डॉक्टरांना विचारून. कौले फोडणे, मुठींवर जोर काढणे हे प्रकारही वाढत्या वयाच्या हाडांसाठी नव्हेत. हाडांच्या टोकाशी वाढीचा जो कोवळा थर असतो, तो कौलापेक्षा नाजूक असतो.

त्या वर्गाचे माहितीपत्रक मुलाच्या वडिलांनी मला आणून दाखवले. सातवा दान, आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक, ‘क्रीडावैद्यक तज्ज्ञ’. शेवटच्या दोन शब्दांपाशी मी थांबलो. वडिलांसोबत त्या प्रशिक्षकांना भेटलो. आवाज न चढवता तीनच प्रश्न विचारले : दान कोणी दिला, कोणत्या साली, आणि तुमचे गुरू कोण? त्यांनी एक जाडजूड फाइल पुढे केली. सातव्या दानाच्या प्रमाणपत्रावर एका जागतिक संघटनेच्या अध्यक्षांची सही होती, आणि ते अध्यक्ष स्वतः तेच होते! क्रीडावैद्यकाचा कागद दोन दिवसांच्या प्रथमोपचार शिबिराचा होता.

ही दानांची पद्धत मुळात ज्यूदोची. जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले; कराटेत ती गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये आणली. पहिल्या दानाला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे आरंभीची पायरी. आपल्याकडे मात्र ब्लॅक बेल्ट हे शेवटचे स्टेशन समजले जाते आणि काही वर्ग दीड वर्षात तिथे पोचवण्याची हमी देतात. कानोंच्या कोडोकान संस्थेने इतक्या वर्षांत दहावा दान ज्यांना दिला, त्यांची संख्या वीसच्या आत आहे. आपल्या तालुक्यातालुक्यांतले ‘ग्रँडमास्टर’ मोजले तर कानोंनाही संकोच वाटेल.

कागद पाहून तरी उलगडा होतो का? तायक्वांदोत होतो : सेऊलच्या कुक्कीवॉन संस्थेने दिलेल्या दानाची नोंद पडताळून घेता येते. कराटेत अनेक शैली, अनेक संघटना. कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता २०२० मध्ये आधी भारतीय ऑलिम्पिक संघटनेने आणि नंतर जागतिक कराटे महासंघाने काढून घेतली, तेव्हा प्रामाणिक प्रशिक्षकांचीही पंचाईत झाली. त्यातच शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्याने प्रमाणपत्राला बाजारभाव आला. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाच्या बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली ती यातूनच. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी मुलाला वर्गात घालणार असाल, तर कोणत्या संघटनेच्या स्पर्धा ग्राह्य धरल्या जातात, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारावे. वर्गातल्या भिंतीला विचारू नये. तिच्यावर सर्वच चषक चकाकतात.

तालमीत हा प्रश्न उद्भवत नाही. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीचा आखाडा अहिल्यानगरात भरला होता. तिथल्या एकाही वस्तादाच्या गळ्यात मी प्रमाणपत्र पाहिले नाही. त्याचा गुरू कोण, त्याच्या हाताखालून कोण तयार झाले, हे गावाला ठाऊक असते. कराटेच्या वर्गातही तेच विचारावे. पहिलाच दान असलेला, पण ‘माझा पहिलाच आहे’ असे सांगणारा प्रशिक्षक मला चालेल. दानाविषयी जो खोटे बोलतो, तो दुखापतीविषयी खरे सांगेल असा भरवसा मला वाटत नाही. दाराआड शिकवणारा, पालकांना बसू न देणारा वर्ग असेल तर दान कितीही असो, मूल काढून घ्यावे. तिथे प्रश्न केवळ प्रावीण्याचा उरत नाही.

पालक मात्र विचारायला कचरतात. ‘सरांना कसं विचारायचं?’ गुरूला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, हा संस्कार खोल रुजलेला आहे. भाजीच्या पेंडीत हात घालून पाहणारी माणसे इथे मुकाट्याने वर्षाची फी भरतात. विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर भांडत बसू नये. फीची पावती, माहितीपत्रक जपून ठेवावे. खोट्या जाहिरातीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, बनावट कागद असतील तर पोलिसांकडे. इतर पालकांना सांगताना विशेषणे टाळावीत, जे पाहिले तेवढेच सांगावे. आम्हीही तसेच केले. माहितीपत्रकातला ‘क्रीडावैद्यक’ हा शब्द पुढच्या महिन्यात गळला. सातवा दान अजून आहे.

अवघड काम वडिलांपुढे होते, ते मुलाला सांगण्याचे. दोन वर्षे पहाटे उठून तो त्या सरांकडे जात होता. सर त्याला देवासारखे. तपासणीला आला तेव्हा त्याने मलाच विचारले, “डॉक्टरकाका, मग माझा बेल्टपण खोटा का?” मी त्याला टेबलावरून उतरवून एका पायावर उभे राहायला सांगितले. महिन्याभरापूर्वी त्याला तोल सावरता आला नव्हता. आता तो निश्चल उभा राहिला, डोळे मिटूनसुद्धा. हा तोल तुझा आहे, पहाटे उठलास तू, तो कागद कोणीही सही केलेला असो, असे मी म्हणालो. त्याला ते कितपत पटले कोण जाणे. लढतीस परवानगी मी आणखी दोन आठवड्यांनी दिली. आता तो दुसऱ्या वर्गात जातो, तिथे त्याला पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी लागली. पहिले आठ दिवस तो घरी कोणाशी बोलला नाही, असे त्याची आई सांगत होती. नवव्या दिवशी पहाटे मात्र गजर होण्याआधीच उठून बसला होता.