ताऱ्यामागे काय उरते

सिल्वासा,
मार्गशीर्ष अमावास्या

चि. भाचीस,

वृषभ राशीत रोहिणीपासून शिंगाच्या टोकाकडे गेले की क्रॅब नेब्युला हा तेजोमेघ लागतो. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, 22 अंश उत्तर आणि सिल्वाशाचा अक्षांश 20 अंशांच्या थोडा वर. त्यामुळे मार्गशीर्षातल्या मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. कारखान्यांच्या दिव्यांपासून दूर, दुधनीच्या बाजूला अंधाऱ्या रात्री लहान दुर्बीण लावली तर तिथे धुरकट ठिपका सापडतो. याच जागी 1054 च्या जुलैत चिनी ज्योतिषांनी एक नवा तारा नोंदवला. तो 23 दिवस भर उजेडात आणि पुढे रात्री जवळपास दोन वर्षे दिसत राहिला. नवा वाटलेला हा तारा शेवटच्या घटकेचा होता. अशा स्फोटाला अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात.

सूर्याच्या सुमारे आठपट किंवा अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांचा अंत असा होतो. गाभ्यात हायड्रोजनचा हेलियम, हेलियमचा कार्बन, असे करत इंधन लोखंडापर्यंत पोचते. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटतो आणि पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत वीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोसळतो. बाहेरचे थर उधळले जातात, पण जवळजवळ 99 टक्के ऊर्जा न्यूट्रिनो हे कण घेऊन जातात. 23 फेब्रुवारी 1987 रोजी मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या स्फोटाचे 11 न्यूट्रिनो जपानच्या कामिओकांदे या शोधयंत्राने टिपले, तेही प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी.

दुसरा प्रकार श्वेत बटूंचा, म्हणजे इंधन संपलेल्या लहान ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांचा. अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या 1.4 पटींपलीकडे टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवले. सोबतच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढत तो या मर्यादेजवळ पोचला की सबंध तारा पेटतो आणि सहसा मागे गाभाही उरत नाही. 1572 आणि 1604 सालचे स्फोट या जातीचे होते.

स्फोट काही महिन्यांत किंवा वर्षांत विझतो. अवशेष मात्र हजारो वर्षे टिकतात. उधळलेले द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरत वाटेतला वायू लोटते. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. म्हणून अवशेष ओळखायला रेडिओ दुर्बिणी फार उपयोगी पडतात. क्रॅबच्या मध्यभागी पल्सार, म्हणजे कोसळलेल्या गाभ्यातून उरलेला फिरणारा न्यूट्रॉन तारा आहे. तो सेकंदाला सुमारे 30 फेऱ्या घेतो आणि हळूहळू मंदावतो. फिरण्यातून गमावलेल्या त्या ऊर्जेवरच सगळा तेजोमेघ आजही उजळलेला आहे.

अशाच एका गाभ्याचा शोध महाराष्ट्रात लागला. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या महादुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात वाय अक्षराच्या आकारात पसरल्या आहेत. जी 21.5-0.9 या अवशेषाच्या पोटात पल्सार असावा असा तर्क आधीपासून होता. 2005 मध्ये यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीने त्याचे क्षीण स्पंदन पकडले: एका फेरीला सुमारे 62 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सोळा फेऱ्या. या तरुण पल्सारचा ठोका जुन्नर तालुक्यातल्या शेतशिवारात ऐकू आला, ही मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे.

हळूहळू अवशेषाचा पसरण्याचा वेग मंदावतो. हजारो वर्षांनी कवच विरते आणि त्यातले द्रव्य आंतरतारकीय वायूत मिसळते. त्या वायूतून नवे तारे आणि ग्रह घडतात. रक्तातल्या लोखंडाचा मोठा भाग श्वेत बटूंच्या स्फोटांतून आला. ऑक्सिजन मुख्यतः जड ताऱ्यांनी घडवला; इथल्या दमणगंगा नदीच्या पाण्यातलाही त्यांचाच.

तुझा,
मामा