बारा व्होल्टचा धडा

मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मालवणला बाबांनी स्वतः लाकडी होडी बांधली आणि वायरिंग माझ्यावर सोपवलं. इंजिनिअर होणार ना मुलगा! मीही ऐटीत घरगुती वायरिंगची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आणली. मागच्या बॅटरीपासून पुढच्या 100 वॅटच्या हॅलोजनपर्यंत 10 मीटर ओढली. बटण दाबलं.

बाबा म्हणाले, "दिवो पेटता, पण उजेड खय?"

रात्री वही उघडली. 12 व्होल्टवर 100 वॅट म्हणजे साधारण 8 अँपिअर. जाऊन-येऊन 20 मीटर तांबं, रोध 0.23 ओहम. म्हणजे जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपत होते! 230 व्होल्टला ते जाणवतही नाहीत. 12 व्होल्टला मात्र दिवा मलूल होतो. ओहमचा नियम पेपरात कितीदा लिहिला होता, पण कळला त्या रात्री.

मग 6 चौरस मिलिमीटरची, खाऱ्या हवेत टिकावी म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली वायर घातली. घट अर्ध्या व्होल्टच्या आत आली. बॅटरीला लागूनच फ्यूज बसवला. 12 व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झालं तर वायर तापून लाकूड पेटू शकतं.

मित्रांनो, परीक्षेत चुकलं तर एटीकेटी असते. समुद्रात नसते.

पहिल्या रात्री बाबा निघाले. तो दिवा दिसेनासा होईपर्यंत मी किनाऱ्यावरच उभा होतो.