मराठा खंदक ते पार्क स्ट्रीट : कोलकात्यातले तीन दिवस

शुक्रवार

नागपूरहून रात्री सुटलेली गीतांजली एक्स्प्रेस दुपारी हावड्याला लागली. ही गाडी डिसेंबर 1977 मध्ये, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, तेव्हा तिला एकच वर्ग होता. आपल्या माणसाने सुरू केलेल्या गाडीने आपण आलो, हे नवऱ्याने प्लॅटफॉर्मवर उतरताना पुन्हा एकदा सांगितलं. साठी ओलांडलेलं, नागपूरच्या महाल भागात वाढलेलं हे जोडपं. त्याला जुनं शहर पाहायचं होतं. तिला पार्क स्ट्रीटवर बसून गाणं ऐकायचं होतं. उषा उत्थुप यांचा आवाज ती कॉलेजात असल्यापासून रेडिओवर ऐकत आली होती.

हावड्याहून मेट्रो धरली. मार्च 2024 पासून ही गाडी हुगळीच्या तळाखालून जाते. देशात नदीखालून जाणारी ही पहिलीच. बोगद्याच्या भिंतींवर निळा उजेड दिसला की समजायचं, वर नदी आहे. 520 मीटरचं अंतर मिनिटाच्या आत संपलं. एस्प्लनेडला गाडी बदलली. पुढची ही जुनी मेट्रो ऑक्टोबर 1984 मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली. जतीन दास पार्कला उतरून दोघं हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात पोचली आणि संध्याकाळभर पाय लांब करून पडून राहिली.

शनिवार

सकाळी टॅक्सीवाल्याने विचारलं, "दादा, कुठले?" नागपूर म्हणताच तो मोकळेपणाने हसला, "म्हणजे बोर्गी!"

शब्द आपलाच आहे, बारगीर. सरकारी घोड्यावर बसून लढणारा स्वार. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. सुरुवातीच्या मोहिमांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर. त्यांना 1744 साली नवाब अलीवर्दी खानाने भेटीला बोलावून मारलं, तो दगा आपल्याकडे सांगितला जातो. पण त्या स्वारांनी जाळलेली गावं, लुटलेली घरं आपल्याकडे फारशी सांगत नाहीत. बंगाली आया मात्र अंगाईतून ती अजून सांगतात. बोर्गी आले, आता खंडणी कुठून द्यायची, ही तिथल्या पाळण्यातली काळजी आहे. अखेर 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ नागपूरच्या पदरी पडली. ज्या महालात तो लहानाचा मोठा झाला, तिथेच हे सगळं ठरत होतं.

त्या भीतीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. साल 1742. सात मैलांचा बेत होता, तो निम्म्यावरच थांबला, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. 1799 मध्ये खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला. बागबाजारात एका गल्लीला मात्र अजून मराठा डिच लेन हे नाव आहे. अरुंद गल्ली, वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या बायका. पाहण्यासारखं दुसरं काही नाही. तरी तो त्या नावाच्या पाटीखाली बराच वेळ उभा राहिला. या सहलीत त्याला सगळ्यांत जास्त लागलं ते इथे.

दुपारी व्हिक्टोरिया मेमोरियल झालं, मकराण्याच्या संगमरवरातलं, 1921 मध्ये खुलं झालेलं. गर्दी भरपूर. बाग उत्तम.

रात्र पार्क स्ट्रीटची. एके काळी याचं नाव बेरियल ग्राउंड रोड होतं, कारण रस्ता 1767 च्या कबरस्तानाकडे जातो. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोकांबो, ब्लू फॉक्स, ट्रिंकाज या रेस्तराँनी तो जागता केला. मोकांबोत पॅम क्रेन गायच्या, ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स पियानो वाजवायचे. ट्रिंकाजमध्ये 1969 साली मुंबईत वाढलेली एक तरुणी कांजीवरम नेसून, कपाळाला टिकली लावून माइकसमोर उभी राहिली. क्लबात गाणाऱ्या बाईने झगाच घालायचा, हा दंडक उषा उत्थुप यांनी तिथे मोडला आणि कोलकात्याने त्यांना आपलं मानलं. सत्तरच्या दशकातली अशांतता, तासन्‌तास जाणारी वीज, करमणुकीवरचा कर यांनी या रस्त्याची बरीच गाणी बंद पाडली.

ट्रिंकाजमध्ये मंच अजून आहे. दोघांना बाजूचं टेबल मिळालं. पोरं जुनी इंग्रजी गाणी वाजवत होती, पलीकडे एक आजी नातवाबरोबर ताल धरून बसल्या होत्या. तिने लिंबू सरबतावर दोन तास काढले आणि शेवटच्या गाण्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या. कानठळ्या बसवणाऱ्या रेकॉर्डपेक्षा समोर बसून वाजवणारी माणसं असलेली रात्र केव्हाही चांगली, आणि ती चालू ठेवल्याबद्दल या रस्त्याचे आभारच मानायला हवेत. परतताना निझाम नावाच्या हॉटेलातला काठी रोल, कागदात गुंडाळलेला, रस्त्यातच खाल्ला.

रविवार

पहाटे मल्लिक घाटावर झेंडूच्या माळांचे ढीग. वर हावडा पूल. 26,500 टन पोलाद, त्यातलं 23,000 टन टाटांचं, आणि नटबोल्ट एकही नाही. सगळं रिव्हेटांनी जोडलेलं. फेब्रुवारी 1943 मध्ये जपानी बॉम्बच्या धास्तीने हा पूल समारंभाशिवायच खुला केला. दोघं तो पायी ओलांडून स्टेशनात शिरली.

पार्क स्ट्रीटवर जाणाऱ्या मराठी माणसाने त्याच दिवशी सकाळी बागबाजारची ती गल्ली आधी पाहावी. श्यामबाजार मेट्रोला उतरून चालत जाता येतं.